महात्मा गांधी आणि चेंडूफळीचे मैदान

महात्मा गांधी आणि क्रिकेट यांचा संबंध जोडला की वाचकाच्या मुखावर स्मित उमटते. राजकोटच्या शाळेत मुख्याध्यापक गिमी यांनी व्यायाम व क्रिकेट सक्तीचे केले, तेव्हा मोहनदासाला त्याचा कंटाळा येई, हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच नमूद केले आहे. तथापि ज्या दोन प्रश्नांनी त्यांचे आयुष्य व्यापले, ती अस्पृश्यता आणि धर्मभेद, तेच प्रश्न या मैदानावरही उभे होते.

पुण्याच्या युरोपीय जिमखान्यात नोकरी करणारे, चर्मकार समाजातील पालवणकर बाळू हे आपल्या डावखुऱ्या फिरकीच्या बळावर हिंदू संघात आले. मैदानात त्यांचा चेंडू सर्वांना चाले; चहा मात्र पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरविले, त्या संघात ते होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. तरीही संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. मधल्या काळात गांधीजींच्या चळवळीने अस्पृश्यतेचा प्रश्न राष्ट्राच्या अंगणात आणला होता, हे येथे विसरता येत नाही.

पुढे १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची स्वाक्षरी झाली. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले व बाबासाहेब विजयी झाले. एकाच समाजव्यथेची ही दोन उत्तरे होती. मैदानावरील मानाने व्यथा हलकी होते, पण हक्क हाती येत नाहीत, हे त्या निकालाने सुचविले असे म्हणता येईल.

दुसरा प्रसंग १९४० च्या डिसेंबरातील. पंचरंगी सामन्यांविषयी विचारण्यास हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास गेले. महाविद्यालयांचे वा संस्थांचे संघ समजू शकतात, परंतु हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी, असा गांधीजींच्या उत्तराचा आशय होता. त्या वर्षी हिंदू संघ स्पर्धेत उतरला नाही. पुढील वर्षी मात्र परतला. लोकांची गर्दी ओसरली नव्हती. अखेर १९४६ मध्ये ही स्पर्धा थांबली.

येथे एक पेच उरतोच. ज्या 'हिंदू' संघाच्या नावात धर्मभेद होता, त्याच संघात अस्पृश्यतेची भिंत प्रथम खचली. गांधीजींचा आक्षेप योग्य मानूनही हे ऋण नाकारता येत नाही.

आम्हा हैदराबादकरांना दुसरी वाटही परिचित आहे. १९३०-३१ पासून सिकंदराबादेत मोईनुद्दौला सुवर्णचषकाचे सामने होऊ लागले; तेथील संघ धर्मावर बेतलेले नव्हते. आजही अंबरपेठेच्या गल्लीत मुले गडी वाटून घेतात ते खेळ पाहून.

विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीतच लिहिले. अशी पुस्तके जपणे, हेही ग्रंथालयाच्या शतकी सेवेचे एक सार्थक होय.