जुनी गाडी आणि नवीं दंतचक्रें

वापरांतली वस्तु आणि जपून ठेवलेली वस्तु यांचें जुनें वैर आहे. वापरावी तर ती झिजते, झिजली कीं तिचा एखादा भाग बदलावा लागतो, आणि असे भाग बदलत गेले म्हणजे मूळची वस्तु कितीशी उरली हा प्रश्न उभा राहतो. उलटपक्षीं, न वापरतां ठेवावी तर ज्या कामासाठीं ती जन्मास आली तें कामच नाहींसें होतें. देवालयाच्या जीर्णोद्धारापासून घरांतल्या पिढीजाद घड्याळापर्यंत हा पेंच सर्वत्र आढळतो. परंतु यंत्राच्या बाबतींत तो जितका उघडपणें समोर येतो तितका अन्यत्र क्वचितच येत असेल. इंग्लंडांत तयार झालेल्या जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींत पांच वेगांचा आधुनिक गिअरबॉक्स बसविण्याची जी चाल गेल्या कांहीं दशकांत पडली आहे, तिचा विचार आम्ही येथें या दृष्टीनें करणार आहों. विषय कारखान्यांतला दिसला तरी त्यांतील प्रश्न केवळ कारागिरांचा नव्हे.

प्रथम गिअरबॉक्स कशासाठीं असतो तें पाहूं. पेट्रोलच्या एंजिनाचा जोर त्याच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो. तें फार मंद फिरलें तर गाडी ओढूं शकत नाहीं, आणि फार वेगानें फिरविलें तर तापतें व झिजतें. म्हणून एंजिन आणि चाकें यांच्यामध्यें लहानमोठ्या दंतचक्रांच्या जोड्या ठेवून, चढावर जोर आणि सपाटीवर वेग मिळेल अशी योजना करावी लागते. १८९० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें पान्हार व लव्हासोर यांच्या गाड्यांनीं हीं चक्रें दांड्यावर सरकवून एकमेकांत अडकविण्याची पद्धत रूढ केली. पद्धत साधी, पण उग्र होती. निरनिराळ्या वेगांनीं फिरणाऱ्या दोन चक्रांचे दांते एकदम भिडले कीं करकर आवाज होई आणि दांते झिजत. तो टाळण्यासाठीं चालकास दुहेरी क्लचाची कला शिकावी लागे: खालच्या गिअरमध्यें येतांना क्लच दाबून गिअर मोकळा करावयाचा, क्लच सोडून एंजिनाचा वेग अंदाजानें वाढवावयाचा, आणि पुन्हां क्लच दाबून खालचा गिअर घालावयाचा. हें सर्व क्षणार्धांत आणि केवळ कानाच्या आधारानें करावें लागे. १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडींत अर्ल टॉमसन यांची सिंक्रोमेश ही युक्ति आली. तींत दांते भिडण्यापूर्वीं शंकूच्या आकाराचे पृष्ठभाग एकमेकांवर घासून दोन्ही चक्रांचा वेग सारखा करतात. जें काम चालकाचा कान करीत होता तें पितळेच्या कड्यानें आपल्याकडे घेतलें. गिअरबॉक्सच्या पुढील सगळ्या इतिहासाचा ओघ या एका वाक्यांत सांगतां येईल.

आतां ज्या गाडीचें उदाहरण आम्ही घेणार तिच्याकडे वळूं. ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या पेढीचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनीं १९२० नंतरच्या दशकांत मॉरिसच्या साध्या घरगुती मोटारींवर हलके, डौलदार सांगाडे चढवून विकण्यास आरंभ केला. पेढीच्या आद्याक्षरांवरून त्या गाड्यांस एम. जी. हें नांव पडलें. पुढें अ‍ॅबिंग्डन येथें स्वतंत्र कारखाना निघाला, आणि तेथें १९६२ सालीं एम. जी. बी. ही दोन आसनांची उघडी मोटार जन्मास आली. तिचें १,७९८ घनसेंटिमीटरचें एंजिन ज्या वंशांतलें होतें त्याच वंशांतलीं एंजिनें त्या काळीं कुटुंबवत्सल गृहस्थांच्या साध्या गाड्यांतही असत. १९८० पर्यंत अशा पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. सामान्य मिळकतीच्या माणसास परवडणारी ही क्रीडेची गाडी होती. तिचा गिअरबॉक्स चार वेगांचा असून १९६७ पर्यंत त्यांतील पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हती. पहिला गिअर उभ्या गाडीस हलविण्यापुरताच, अशी जुनी समजूत होती. चालत्या गाडींत तो घालावयाचा तर दुहेरी क्लचाची कला अवगत असणें भाग होतें.

परंतु ज्या रस्त्यांसाठीं ही गाडी योजिली होती ते रस्तेच पालटत होते. प्रेस्टन गांवाला वळसा घालणारा ब्रिटनचा पहिला मोटर-वे १९५८ च्या डिसेंबरांत खुला झाला, आणि लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या एम-१ या महामार्गाचा पहिला टप्पा १९५९ च्या नोव्हेंबरांत. वळणावळणाच्या गांवरस्त्यावर जी दंतचक्रें शोभत, तीं या सरळ रस्त्यावर अपुरीं पडूं लागलीं. हिशेब सोपा आहे. एम. जी. बी. च्या चौथ्या गिअरमध्यें एंजिनाच्या दर हजार फेऱ्यांस ताशीं सुमारें १८ मैलांचा वेग मिळतो. म्हणजे ताशीं ७० मैलांच्या वेगास एंजिनाला मिनिटाला सुमारें ३,९०० फेऱ्या घ्याव्या लागतात. घटकाभर हें ठीक. तासन्‌तास मात्र तो आवाज कानांस आणि यंत्रास दोघांसही शिणवितो.

हा दोष कारखान्यास ठाऊक नव्हता असें नाहीं. १९६३ पासून लेकॉक कंपनीचें ओव्हरड्राइव्ह हें उपकरण अधिक किंमत देणाऱ्यास मिळूं लागलें. गिअरबॉक्सच्या शेपटाशीं जोडलेल्या या पेटींत मधल्या सूर्यचक्राभोंवतीं लहान चक्रें ग्रहांप्रमाणें फिरतात. तिसऱ्या व चौथ्या गिअरमध्यें एक बटन दाबतांच तेलाच्या दाबानें ही व्यवस्था कामास लागते, आणि मागच्या दांड्याच्या एका फेरीस एंजिनाची सुमारें ०.८ फेरीच पुरते. मात्र अनेक गिऱ्हाइकांनीं तो जादा खर्च केला नाहीं, आणि त्यांच्या गाड्या चार वेगांवरच राहिल्या.

एम. जी. बी. बंद झाल्यावर दोनच वर्षांनीं, १९८२ मध्यें, फोर्ड कंपनीची सिएरा ही साधी घरगुती गाडी बाजारांत आली. तिच्यांत पांच वेगांचा जो गिअरबॉक्स वापरला गेला त्यास टाइप नाइन म्हणतात. सिएरा गाड्या मोडींत निघूं लागल्या तसे हे गिअरबॉक्स सहज मिळूं लागले, आणि ते जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींत बसविण्याचें सामान विकणारे कारागीर पुढें आले. १९८९ मध्यें जपानच्या माझदा कंपनीनें एम. एक्स. ५ ही गाडी काढली, तीही जुन्या हलक्या ब्रिटिश गाड्यांचाच आदर्श समोर ठेवून; आणि आतां तिचाही गिअरबॉक्स एम. जी. बी. त बसवितात. शिष्यानें गुरूस वस्त्र अर्पण करावें तसाच हा प्रकार आहे.

येथें आंकडे पाहण्यासारखे आहेत. १९६२ च्या एम. जी. बी. मध्यें मागच्या दांड्याच्या एका फेरीस एंजिनाच्या फेऱ्या पहिल्या गिअरमध्यें ३.६४, दुसऱ्यांत २.२१, तिसऱ्यांत १.३७ आणि चौथ्यांत १ लागत. फोर्डच्या गिअरबॉक्समध्यें हेच आंकडे ३.६५, १.९७, १.३७, १ आणि पांचव्यास ०.८२ असे आहेत. माझदाचा पांचवा ०.८१ आहे. म्हणजे दुसरा गिअर सोडला तर फोर्डची पेटी ही ओव्हरड्राइव्हसह असलेल्या जुन्या पेटीचीच जवळजवळ प्रतिकृति ठरते! ताशीं ७० मैलांस ३,९०० ऐवजीं ३,२०० फेऱ्या हा जो लाभ सांगितला जातो, तो अ‍ॅबिंग्डनच्या गिऱ्हाइकास १९६३ सालींच बटन दाबून मिळत होता. तेव्हां या बदलानें गणितांत फारसें नवें कांहीं येत नाहीं. नवें येतें तें हाताला: पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश, दांडीची हलकी चाल, आणि आवाजांत घट.

बदल करण्याचें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. एम. जी. बी. च्या क्लचावरील घंटेच्या आकाराचें कवच हा गिअरबॉक्सचाच भाग असल्यामुळें एंजिन आणि गिअरबॉक्स सामान्यतः एकत्रच बाहेर काढावे लागतात. मग नव्या पेटीस जुन्या एंजिनाशीं जोडणारें वेगळें कवच, तिच्या दांड्याच्या खांचांशीं जुळणारी क्लचची तबकडी, मागल्या चाकांकडे जाणारा वेगळ्या लांबीचा दांडा, खालचा आधार आणि वेगदर्शकाची तार हें सर्व नव्यानें जुळवावें लागतें. गिअरची दांडी जुन्याच भोंकांतून वर यावी यासाठींही कारागिरास युक्ति योजावी लागते. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र यांतलें कांहींच दिसत नाहीं.

नेमका येथेंच वादाचा मुद्दा आहे. शुद्धतावादी म्हणतात, ही गाडी आतां एम. जी. राहिली नाहीं. आम्हांस हा आक्षेप या रूपांत पटत नाहीं. ज्या गाडीचा वंशच दुसऱ्याच्या घरगुती मोटारीचे भाग घेऊन सुरू झाला, तिच्यांत दुसऱ्या घरगुती मोटारीचा भाग आला म्हणून ती बाटली असें म्हणणें तिच्या इतिहासाशींच विसंगत आहे. किंबरनें मॉरिसशीं जें केलें तेंच आजचा कारागीर सिएराशीं करतो.

पण आक्षेपाच्या पोटांत एक खरी गोष्ट आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाहीं. लोखंड संग्रहालयांत ठेवतां येतें, हाताची कला ठेवतां येत नाहीं. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसलेली गाडी चालविणाऱ्यास एंजिनाचा सूर ऐकावा लागतो, चढ येण्यापूर्वीं विचार करावा लागतो, आणि चूक झाली तर यंत्र तत्काळ करकर करून ती पदरांत घालतें. ही विद्या पुस्तकांत लिहून शिकवितां येते, पण राहते ती केवळ जुन्या गिअरबॉक्सच्या संगतींत. असे सर्वच गिअरबॉक्स भंगारांत गेले तर गाड्या रस्त्यावर दिसतील, परंतु त्या चालविणें म्हणजे काय होतें हें सांगणारा कोणी उरणार नाहीं.

म्हणून निर्णय एका बाजूचा असूं शकत नाहीं. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघानें २०१२ मध्यें जी ट्युरिनची सनद मान्य केली, तींत या पेंचांतून निघण्याचा मार्ग दिसतो. आधुनिक वापरासाठीं करावयाचे बदल बेतानें करावे, ते पुन्हां उलटवितां यावे, त्यांची नोंद ठेवावी आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपावे असा तिचा आशय आहे. या कसोटीवर पाहिलें तर, सांगाडा न कापतां बसविलेला नवा गिअरबॉक्स हा अपराध नव्हे. जुना गिअरबॉक्स मोडींत विकणें हा मात्र अपराध खचित आहे. गाडी ज्याच्या घरीं आहे त्यानें ती रस्त्यावर न्यावी, लांब न्यावी, आणि नवीं दंतचक्रें त्यास मदत करीत असतील तर तीं खुशाल बसवावीं. फक्त जुनी पेटी तेल लावून, कापडांत गुंडाळून, गाडीच्या कागदपत्रांसह ठेवावी. पुढच्या पिढींतील एखाद्यास ती कला पुन्हां शिकाविशी वाटली, तर शिकविणारा गुरु घरांत असला पाहिजे.