इराणची कलमदाने

माझ्या माहेरी माजघराच्या कोनाड्यात आजोबांचे कलमदान असे. साधी शिसवी पेटी. आत दोन-तीन बोरू, एक चाकू आणि पितळेची दौत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वह्यांबरोबर तिलाही हळदकुंकू वाहिले जाई. आजी ती पेटी रोज फडक्याने पुशी. परंतु तिला अक्षरओळख नव्हती, आणि पेटी उघडून बोरू हाती घ्यावा असे तिला कोणी कधी म्हटलेही नाही. यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा ही पेटी आठवली आणि तिच्या दूरच्या, श्रीमंत आप्तांविषयी लिहावेसे वाटले.

पानदान, अत्तरदान यांप्रमाणेच कलमदान हा शब्दही आपल्याकडे फारसीतून आला. इराणात ही वस्तू फार जुनी. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात पितळेवर चांदीचे जडावकाम केलेले एक कलमदान आहे. ते १२१०-११ साली शाझी नावाच्या कारागिराने एका वजिरासाठी घडविले. तलवार जशी सरदाराची, तसे कलमदान वजिराची खूण. उर्दू वर्तमानपत्रे मंत्र्याच्या खात्याला अजूनही ‘कलमदान’च म्हणतात!

सतराव्या शतकात, सफवी राजांच्या काळी, धातूऐवजी कागदाची रंगीत कलमदाने लोकप्रिय झाली. होय, कागदाचीच! लाकडी साच्यावर कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवीत, किंवा कागदाचा लगदा थापीत. वाळल्यावर साधारण वीतभर लांब, दोन बोटे रुंद आणि टोकांना गोलाई असलेली पेटी तयार होई. तिच्या आत खणासारखी सरकणारी दुसरी पेटी. वर खडूची भुकटी व सरस यांचा लेप देऊन ती घोटून गुळगुळीत करीत. मग बारीक कुंचल्याने चित्रे काढावयाची, आणि शेवटी जवसाच्या तेलात चंद्रसासारखी राळ विरघळवून केलेल्या रोगणाचे हात द्यावयाचे. या रोगणाखाली रंग मधातून पाहावे तसे सोनेरी दिसतात. आत बोरू, ते तासण्याचा चाकू, टोक छाटताना खाली धरावयाची पट्टी, लहानशी कात्री आणि दौत असा सारा संसार असे. बोरूने शाई बेताची उचलावी म्हणून दौतीत रेशमी धाग्यांचा बोळा घालीत. लेखनिक लोक हे कलमदान कमरेच्या शेल्यात खोचून हिंडत.

चित्रांत गुलाब आणि बुलबुल तर हवेतच. शिवाय शिकारी, लढाया, खुसरो-शिरीनची कथा, एवढेच काय, युरोपातील चित्रांवरून घेतलेल्या ख्रिस्ती माता आणि बालकेही. इस्फहानच्या मुहम्मद जमान या चित्रकाराने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाप्रकाशाची ही पाश्चात्त्य तऱ्हा उचलली. सहीच्या जागी तो ‘या साहिब-उज्-जमान’ असे लिही. वाचणाऱ्याला ती बाराव्या इमामाची प्रार्थना वाटावी, आणि जाणत्याला तीतच चित्रकाराचे नाव सापडावे! एकोणिसाव्या शतकात इस्फहानच्याच नजफ अलीने ‘या शाह-ए-नजफ’ लिहून तोच मार्ग धरला. त्याचा भाऊ व मुलेही याच कामात होती.

या पेट्यांवर स्त्रिया जागोजागी दिसतात. कोठे शिरीन, कोठे प्रियकराची वाट पाहणारी सुंदरी. पेटी मात्र खोचली जाई पुरुषाच्या कमरेला. मला आजीची आठवण होते ती येथे. परंतु इराणच्या इतिहासात एक स्त्री अशी आहे की जिने नुसते चित्रात न राहता लेखणी हाती घेतली. फतह अली शहाने १७९७ ते १८३४ या काळात राज्य केले. त्याची कन्या शाह बेगम हिचा जन्म १७९९ मधला. ‘जिया-उस-सल्तनत’, म्हणजे राज्याचे तेज, ही तिची पदवी. तिचे अक्षर इतके सुरेख की तिने कुराणाच्या प्रती लिहिल्या. ती कविताही करी. बापाची खाजगी पत्रे लिहिण्याचे काम तिच्याकडे होते. शेकडो लेकरांच्या बापाने आपली गुपिते विश्वासाने सोपविली ती या लेकीच्या लेखणीवर. ती १८७३ साली वारली.

पुढे पोलादी निबे आली, फाउंटन पेने आली. बोरूच नाही, तेथे कलमदान कशाला? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही कला मागे पडत गेली, आणि त्या पेट्या संग्रहालयांच्या कपाटांत जाऊन बसल्या.

असो. ‘चिटणीस’, ‘फडणीस’ यांतील ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. माझ्या आजीच्या काळी या शब्दाला स्त्रीलिंग असू शकते, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. आज मंडळाच्या प्रत्येक सभेला आपल्या चिटणीसबाई इतिवृत्ताची वही उघडतात, तेव्हा मला माहेरचा तो कोनाडा दिसतो. आजोबांची पेटी आता माझ्याकडे आहे. बोरू केव्हाच झिजून गेले. दौत कोरडी आहे. मी आजीसारखीच ती फडक्याने पुसते. फरक एवढाच, की हा लेख लिहावयास बसले तेव्हा मी ती उघडली, आणि माझे पेन त्यात ठेवले.