कायद्याची मुदत आणि देवाची शिक्षा

मराठीत ‘शिक्षा’ हा शब्द उच्चारताच दंड डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकविणे. वेदांच्या सहा अंगांपैकी एकाचे नावच शिक्षा आहे. ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेले एक पत्र आहे. त्याच्या बाराव्या अध्यायात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात. बाप ज्याला आपला मुलगा मानतो त्यालाच वळण लावतो. तद्वत देवाकडून आलेले दुःख हे त्याने टाकल्याचे नव्हे, तर आपले म्हटल्याचे चिन्ह समजावे आणि धीराने सोसावे, असा तेथील विवेचनाचा आशय आहे. आपण दुःखाचा उलगडा बहुधा प्रारब्धाने करतो. प्रारब्ध हा हिशेब होय. शिक्षा हे नाते होय. तथापि ही दृष्टी आपल्याला अगदीच परकी नाही. दुष्काळात पत्नी आणि व्यापार दोन्ही गमावलेल्या तुकोबांनी त्या आपत्तीतच देवाचा हात पाहिला होता.

तुकोबांच्याच सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे नारायण वामन टिळक सांगत. कोकणातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेल्या या चित्पावन कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी माहेरच्या माणसांत होत्या. लहानगा दत्तू त्यांच्याजवळ होता. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी कडक सोवळ्यात वाढलेली. पतीच्या धर्मांतराने तिचे सौभाग्य कायम राहिले, संसार मात्र मोडला.

आम्ही बडोद्यात वकिली करणारे. या कथेकडे वळताना आमची दृष्टी प्रथम कायद्याकडे जाते. त्या काळी ब्राह्मण दांपत्याला घटस्फोट ठाऊक नव्हता. आमच्या बडोदे संस्थानात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी हिंदूंना तो १९३१ साली कायद्याने दिला. देशभर तो मिळण्यास १९५५ साल उजाडावे लागले. परंतु ब्रिटिश मुलखात ख्रिस्ती झालेल्या माणसासाठी १८६६ चा एकविसावा कायदा होता. धर्मांतरामुळे पत्नीने सलग सहा महिने पतीचा त्याग केला, तर त्याने न्यायालयात दाद मागावी. न्यायालयाने तिची इच्छा विचारून एक वर्ष थांबावे. तरीही ती नकारावर ठाम राहिली, तर विवाह रद्द करून दोघांनाही पुनर्विवाहास मोकळे करावे, अशी त्याची योजना होती. पत्नी धर्मांतरित झाली असेल, तर तिलाही तोच मार्ग खुला होता. मात्र जो आपल्या धर्मात राहिला त्याला या कायद्याने दाद मागता येत नसे. म्हणजे ज्याने पाऊल उचलले त्याला वाट होती. जिच्यावर प्रसंग कोसळला तिला नव्हती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हे पारडे उलटे केले. आता जोडीदाराने हिंदू धर्म सोडला, तर मागे राहिलेल्यास घटस्फोट मागता येतो.

कायद्याच्या हिशेबाने टिळकांची सुटका दोनएक वर्षांत होऊ शकली असती. ते त्या वाटेला गेले नाहीत. ते वाट पाहत राहिले. ते पत्रे लिहीत, भेटीस येत. लक्ष्मीबाईंचे या वियोगातले काही दिवस पंढरपुरात गेले. पुढे त्या पतीकडे राहावयास आल्या त्या आपला धर्म घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. ख्रिस्ती प्रचारकाच्या घरात हिंदू पत्नीचे सोवळे सांभाळले गेले. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा त्यांनी स्वतःच्या बुद्धीने विचार केला, आणि सोवळे आपल्या हातांनी उतरविले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या बाप्तिस्म्यास तेव्हा पाच वर्षे झाली होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. टिळकांचे सोसणे त्यांनी स्वतः निवडलेल्या मार्गाचे होते. लक्ष्मीबाईंचे तसे नव्हते. पतीच्या निर्णयाचा भार न विचारता त्यांच्या शिरावर आला. त्या भाराला एकदम ‘देवाची शिक्षा’ असे गोंडस नाव देणे म्हणजे माणसाचे उत्तरदायित्व देवावर ढकलणे होय. टिळकांचे मोठेपण धर्मांतरात शोधण्यापेक्षा, आपल्यामुळे दुसऱ्यास झालेल्या दुःखात ते जी मुदत सोडून थांबले, त्यात शोधावे असे आम्हांस वाटते. ख्रिस्ती अर्थाने शिक्षा स्वीकारणे ते हेच. हाती असलेला हक्क दुसऱ्यास तोडणारा असेल, तर तो न बजावता थांबणे.

पुढेही कसोट्या चुकल्या नाहीत. १९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारावयास घेतला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबले. शाळेचे रीतसर शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचून ते पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र तर मराठी गद्याचे भूषण ठरले. वियोगाच्या दिवसांची हकीकतही त्यांनी त्यात कडवटपणा न येऊ देता, प्रसंगी हसत सांगितली आहे. १९३६ साली त्या निवर्तल्या. ‘ख्रिस्तायन’ ग्रंथरूपाने आले ते त्यानंतर, १९३८ साली.

आपल्या देवळाच्या सभामंडपातही असे प्रसंग येतात. कुणाची मुलगी परधर्मात जाते, कुणाचा मुलगा. मग एकीकडून वकिलाची नोटीस निघते आणि दुसरीकडून ‘देवाची इच्छा’ म्हणून सांत्वन होते. कायदा असावा, तो नसता तर दुर्बलास आधारच उरला नसता, हे आम्ही रोज पाहतो. परंतु कायदा महिन्यांनी मोजतो, आणि माणसे परत येण्यास वर्षे लागतात. आपल्या वाट्याचे दुःख देवाची शिकवण म्हणून स्वीकारण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. ते दुसऱ्यास तसे सुनावण्याचा अधिकार मात्र कोणत्याही धर्माने कोणास दिलेला नाही.