भट्टीवाला पेढे विकू लागतो तेव्हा

विलीनीकरण म्हणजे काय, हे आम्हा धाराशिवकरांना कुणी शिकवायला नको. १९४८ साली आम्ही हैदराबाद संस्थानासकट भारतात आलो, १९८२ साली लातूर आमच्यातून वेगळं निघालं आणि २०२३ साली पाटीवरचं उस्मानाबाद जाऊन धाराशिव आलं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं उमटवणाऱ्या चिपांचा इतिहासही असाच. फक्त तो कळायला कुंथलगिरीचा खवा हवा. भट्टीवाल्यानं खवा आटवावा, पेढेवाल्यानं पेढे वळावेत. दोघांचंही बरं चालतं. अमेरिकेत १९९४ साली निघालेली थ्रीडीएफएक्स ही अशीच एक भट्टी. १९९६ सालची तिची ‘वूडू’ चिप इतर कंपन्या घ्यायच्या, कार्डं बनवून विकायच्या. खेळणारी पोरं खूश!

पण १९९८च्या डिसेंबरात भट्टीवाल्याला वाटलं, पेढेही आपणच विकावेत. त्यानं एसटीबी नावाचा पेढेवालाच विकत घ्यायचं ठरवलं. झालं! बाकीचे पेढेवाले उठले ते एन्व्हिडियाच्या भट्टीवर जाऊन बसले. त्यात नवा खवा आटायला उशीर. २००० साल सरता सरता एन्व्हिडियानंच सौदा करून भट्टीचा माल उचलला. २००२ साली दिवाळं वाजलं.

कॅनडाची एटीआय २००६ साली एएमडीच्या घरी गेली. २०१० साली तिचं माहेरचं नावही पुसलं. पुढं बरीच वर्षं गिऱ्हाइकाला वेगळं कार्ड घ्यायचं तर दोनच भट्ट्या. इंटेलनं तिसरी पेटवली ती २०२२ साली.

भट्ट्या कमी झाल्या की भाव कोण ठरवतो, हे कळायला अर्थशास्त्र कशाला? भूमच्या बाजारात विचारा.