सुरतेची झुबेदा

मुंबईहून सुरतेला येताना उधन्याच्या आधी सचिन लागतं. आज तिथं सगळे कारखाने. पण बायांनो, हे एकेकाळी संस्थान होतं, आणि तेही आपल्या कोकणातल्या जंजिऱ्याच्या सिद्दींचं! पेशव्यांशी १७९१ साली झालेल्या तहातून त्यांच्या एका शाखेला इथली गावं मिळाली होती.

या घराण्यातले नवाब इब्राहिम याकूत खान आणि उर्दू रंगभूमीवरची नटी फातमा बेगम यांची मुलगी म्हणून झुबेदाला ओळखलं जातं. जन्म १९११, सुरतेतच. सुलताना आणि शहजादी या तिच्या बहिणी. नवाबानं फातमाशी निकाह लावल्याची किंवा मुलींना कायद्यानं आपलं म्हटल्याची नोंद मात्र कुठंच नाही. मुली वाढल्या त्या आईच्या कर्तबगारीवर.

आणि आई तरी कशी! 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती व्हायला बाई मिळेना म्हणून फाळक्यांना अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवावं लागलं, ते १९१३ साल. त्यानंतर नऊच वर्षांनी फातमा 'वीर अभिमन्यू'त उभी राहिली. १९२६ मध्ये तिनं स्वतःची कंपनी काढली आणि 'बुलबुल-ए-परिस्तान' स्वतः दिग्दर्शित केला. भारतातली पहिली स्त्री-दिग्दर्शिका ती हीच.

झुबेदा बारा-तेरा वर्षांची असतानाच पडद्यावर आली. आपल्या वयाच्या मुली तेव्हा चूल आणि सासर शिकत होत्या. बाबूराव पेंटरांच्या 'कल्याण खजिना'त ती होती, म्हणजे कोल्हापूरशीही तिचं नातं जुळलं. मूकपटात भाषेची अडचण नसे. चेहरा बोलला की झालं.

मग १९३१ उजाडलं आणि चित्र बोलायला लागलं. भल्याभल्यांची त्रेधा उडाली. त्या काळची सर्वांत लोकप्रिय नटी सुलोचना हिला हिंदुस्थानी नीट येईना, तिला काम थांबवून भाषा शिकावी लागली. आपले मास्टर विठ्ठल नायक झाले खरे, पण त्यांच्याही वाट्याला संवाद बेताचेच आले. झुबेदाला घरातच उर्दू मिळालेली. घराण्याचं नाव मिळालं नाही, पण आईची भाषा मिळाली, आणि तीच ऐन वेळी कामाला आली. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं म्हणतात.

हे शिखर. पुढं उतार आला, पण तिनं तो हातावर हात ठेवून पाहिला नाही. १९३४ मध्ये नानूभाई वकिलांबरोबर महालक्ष्मी मूव्हीटोन काढली, आईसारखीच मालकीण झाली. नंतर चित्रपट वर्षाला एखाद-दुसऱ्यावर आले. १९४९ चा 'निर्दोष अबला' शेवटचा. हैदराबादच्या धनराजगीर घराण्यात तिनं लग्न केलं आणि १९८८ मध्ये मुंबईच्या धनराज महालात तिचं निधन झालं.

आता मनाला लागणारी गोष्ट. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उरलेली नाही. 'बुलबुल-ए-परिस्तान'ही गेला. त्या काळची फिल्म चटकन पेट घेई, दमट हवेत कुजे, आणि जुनी झाली की तिच्यातल्या चांदीसाठी भंगारात विकली जाई.

आपल्या सुरतेच्या गोपीपुऱ्यात ज्ञानभांडारांमधून जुन्या पोथ्या आजही जपल्या आहेत. ज्ञानपंचमीला आपण त्या मांडतो, झटकतो, हात जोडतो. कुणीतरी 'हे ठेवण्यासारखं आहे' असं ठरवलं म्हणूनच त्या राहिल्या ना? नाटक-सिनेमातल्या बाईचं काम ठेवण्यासारखं आहे, असं मात्र फारसं कुणाला वाटलं नाही. आपल्याही घरांत आज्यांची वह्या-पत्रं असतील. रद्दीवाला दारात यायच्या आत ती एकदा उघडून बघा.