मालक नाही, की मालक अनेक?

ज्याला एक ठरावीक मालक नाही, त्याला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा देणार कोण? मोबाइलवरच्या ऑर्डरी घरोघर पोहोचवणाऱ्या तरुणांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्यांत अर्थशास्त्राचे जाणकार असतात, सचोटीने धंदा करणारेही असतात. त्यांचे म्हणणे नीट मांडायचे तर असे: कामगाराचे हक्क नोकरीच्या नात्यातून येतात. सकाळी एका कंपनीचे काम, दुपारी दुसरीचे, संध्याकाळी कोणाचेच नाही, अशा माणसाचे नाते कुठेच टिकत नाही. नाते नाही तिथे जबाबदारी कोणाच्या गळ्यात बांधणार? बळेच बांधली तर खर्च वाढेल, काम घटेल आणि ज्याचे भले करायला निघालो त्याचीच रोजी जाईल. त्यापेक्षा त्याच्या हातात रोख जास्त पडू द्यावी; म्हातारपणाचे सरकारी योजना पाहतील.

युक्तिवाद सुसंगत आहे. पण तो मुंबईत बसून मांडला जातो तेव्हा मला गप्प राहवत नाही. या शहराने त्याचे उत्तर १९६९ सालीच दिले आहे.

माझे काका मशीद बंदरच्या एका धान्याच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांच्या जुन्या रोजकीर्दीत आडतीला खाते होते, गाडीभाड्याला खाते होते. हमालीची नोंद मात्र ‘किरकोळ खर्च’ या सदरात. ज्याच्या माथ्यावरून पेढीचा एकूण एक दाणा आत आला, तो किरकोळ कसा? काकांचे उत्तर सरळ होते: तो आपला नोकर नाही. खरेच नव्हता. तो सकाळी या गाळ्यावर पोती उतरवी, तासाभराने शेजारच्या, दुपारी गल्लीच्या टोकाच्या. दिवसाकाठी आठ-दहा दुकाने. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा एकाच मालकाकडे सलग पाच वर्षांची सेवा मागत होता. या माणसाची त्याच गल्लीत वीस वर्षे झाली तरी कोणत्याही एका दुकानाकडे सलग पाच वर्षे जमत नाहीत. अशा माणसाला आपण ‘मालक नसलेला’ म्हणतो. माझा प्रश्न एवढाच: आज त्याने माल कोणाचा उचलला? दहा जणांचा. मग त्याला मालक शून्य, की दहा? प्रतिपक्षाची सारी इमारत दहाला शून्य म्हणण्यावर उभी आहे.

महाराष्ट्राने ही बेरीज दुरुस्त केली. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार संघटित झाले आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याची रचना मला आजही बुद्धिमान वाटते. व्यापारी, कामगार आणि शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ. मालकाने मंडळाकडे नोंद करायची, कामगारानेही. टोळीने केलेल्या कामाची मजुरी मालक मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरतो. मजुरी कामगाराला मिळते. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधोपचार. दहा दुकानांतले दहा तुकडे एका खातेवहीत येऊन एका माणसाच्या नावावर जमतात. टिकाऊ नाते दुकानाशी असण्याची गरजच उरली नाही. ते मंडळाशी आहे. काम ठेकेदारामार्फत करून घेतले तर मूळ मालकालाच मालक धरायचे, ही पळवाटही कायद्याच्या व्याख्येतच बुजवली आहे. कल्पना हवेतून आली नव्हती. गोदी कामगारांसाठी १९४८ च्या केंद्रीय कायद्याने अशाच मंडळांची वाट घालून दिली होती. पुढे १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी राज्याने तोच साचा वापरला. आज राज्यात तीसहून अधिक माथाडी मंडळे आहेत. ‘हे होऊच शकत नाही’ असे म्हणणाऱ्याने आधी या पन्नासहून अधिक वर्षांचे काय करायचे, ते सांगावे.

आता खर्चाचा मुद्दा. समजा, पन्नास किलोच्या पोत्याला दहा रुपये हमाली आहे आणि लेव्ही ३५ टक्के आहे. लेव्हीचे झाले साडेतीन रुपये. किलोमागे सात पैसे. साठ रुपये किलोचा तांदूळ या सात पैशांनी महागला म्हणून बाजार उठतो? मुंबईचा घाऊक बाजार हलला हे खरे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तो वाशीला गेला. पण तो गेला शहराची कोंडी आणि सरकारचे नियोजन यांमुळे, आणि जाताना टोळ्या सोबत घेऊन गेला. कोपरखैरणे, घणसोलीच्या माथाडी वसाहती त्याची साक्ष देतात. कोपरखैरण्यात माथाडींचे रुग्णालयही आहे.

शेतकऱ्याचा आक्षेप मी अधिक गंभीर मानतो. हमाली, तोलाई, वाराई पट्टीतून कापली जाते, मग हे ओझे शेवटी शेतकऱ्यावरच नाही का? नाशिक जिल्ह्यात एप्रिल २०२४ मध्ये या कपातीच्या आणि लेव्हीच्या वादावरून बाजार समित्यांतले कांद्याचे लिलाव ठप्प झाले होते. हा वाद खरा आहे. पण तो कशाबद्दलचा आहे? पैसे कोणी भरायचे याबद्दलचा. मालकाने भरायची लेव्ही दुसऱ्याच्या पट्टीतून वसूल होत असेल, तर चूक वसुलीची आहे. ती सुधारण्यासाठी हमालाचा फंड बुडवण्याची गरज कुठे येते? दोन कष्टकऱ्यांना एकमेकांसमोर उभे करून तिसऱ्याला मोकळे सोडणारा तर्क मला मान्य नाही.

माथाडीच्या नावाखाली खंडणी मागितली जाते, ही उद्योजकांची तक्रारही मी नाकारत नाही. काम न करता पैसे मागणारा माथाडी नव्हे, गुन्हेगार आहे; त्याच्यावर फौजदारी कारवाई व्हावी, आणि तातडीने. मात्र एक गोष्ट न्यायाने पाहावी. नोंदणीकृत कामगाराची मजुरी मंडळामार्फत, हिशेबाने येते. खंडणीखोराला हवी असते फाटकावर रोख. म्हणजे हा रोग कायद्याच्या आत आहे की बाहेर?

राहिला सरकारी योजनांचा मुद्दा. इथे वाचकांनी थोडे थांबावे, कारण याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठीही कल्याण मंडळाचा कायदा केला. हेतू उत्तम. पण त्यात मालकिणीवर सक्तीची लेव्ही ठेवली नाही. भिस्त ठेवली सरकारी अनुदानावर आणि कामगार बाईच्याच वर्गणीवर. परिणाम? पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्या बाईला दहा हजार रुपयांचे सन्मानधन. चार घरची धुणीभांडी करून गुडघे गेलेल्या बाईला आयुष्याच्या कमाईवर एकदाच दहा हजार. तिच्या वयाच्या माथाडीला त्याच्या प्रत्येक दिवसाच्या मजुरीच्या प्रमाणात साठलेला फंड. राज्य एकच, कष्ट सारखेच, दोन्हींकडे मालक अनेक. फरक एका तरतुदीचा. अनुदान सरकारच्या मर्जीने येते आणि थांबते. लेव्ही कामाबरोबर येते. म्हणून मी लेव्हीला कल्याण म्हणत नाही. ती मजुरीच आहे, उशिरा हाती येणारी. मजुरी देणे ज्याचे काम करून घेतले त्याच्याकडेच असते. करदात्याकडे ते ढकलायचे कोणत्या न्यायाने?

आणि ‘रोख जास्त मिळू द्या’ म्हणणाऱ्यांनी सांगावे, कोणत्या मालकाने फंड नाही म्हणून बाईचा पगार तेवढ्याने वाढवला?

आता ऑर्डरी पोहोचवणाऱ्या रायडरकडे वळू. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशी सुटी कामे करणारे गिग कामगार सुमारे ७७ लाख होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. सुरुवातीच्या काळात माथाडी मंडळाच्या कारकुनाला टोळीची मजुरी कागदावर मांडावी लागे. आज कोणत्या रायडरने कोणत्या मिनिटाला कोणती ऑर्डर उचलली आणि तिचे किती रुपये झाले, हे कंपनीच्या यंत्रात पैशापर्यंत नोंदलेले असते. दर कंपनी ठरवते, इन्सेंटिव्ह कंपनी बदलते, आयडी ब्लॉक कंपनी करते. एवढा ताबा हमालावर कोणत्याही शेठजीचा नव्हता. आणि तरीही नाते नाही?

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने निदान तत्त्व मान्य केले आहे: कंपनीने वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत. पण पुढे मर्यादा आहे. ही रक्कम कामगारांना दिलेल्या किंवा देय असलेल्या पैशांच्या पाच टक्क्यांपलीकडे जाणार नाही. भविष्यनिर्वाह निधीत नियमित कामगाराच्या मालकाचा सर्वसाधारण वाटाच १२ टक्के असतो. ग्रॅच्युइटी, रजा, बोनस त्याशिवाय. मग ज्याच्या दुचाकीचे पेट्रोल त्याचे, अपघाताचा धोकाही त्याचा, त्याच्यासाठी कमाल पाच का? हा आकडा कोणत्या हिशेबातून निघाला, हे दाखवण्याची जबाबदारी आता प्रतिपक्षाची आहे.