पिंजऱ्यातली सोयरीक

श्रोतेहो, दाणे भरलेल्या पिकावर मुनियांचे थवे उतरतात ते तुम्ही पाहिले असतील. इतकी पाखरे एकत्र चरतात, पण मोठे भांडण म्हणून दिसत नाही. मग अशीच दोन पाखरे, एक नर नि एक मादी, पिंजऱ्यात सोडली तर ती सुखाने नांदतील असे कोणालाही वाटेल. युरोपातल्या पक्षी पाळणाऱ्यांनी मात्र यात चांगलीच ठेच खाल्ली. ते पाखरू म्हणजे कॅनरी.

कॅनरी हा दाणे टिपणारा, जाड चोचीचा लहान पक्षी. इंग्रज ज्यांना 'फिंच' म्हणतात त्यांच्या कुळातला. आफ्रिकेच्या वायव्येला समुद्रात कॅनरी बेटे आहेत, ते त्याचे एक मूळ घर. तिथला रानकॅनरी पिवळाधमक नसतो. हिरवट, अंगावर रेघा असलेला असतो. १४०२ ते १४९६ या काळात कॅस्टिलच्या राज्याने ही बेटे जिंकली आणि पुढे हे गाणारे पाखरू युरोपात पोचले. १६२२ मध्ये रोममध्ये ओलिना नावाच्या लेखकाने गोष्ट छापली, की एक जहाज फुटले, त्यातले कॅनरी उडून इटलीजवळच्या एल्बा बेटावर गेले आणि तिथून त्यांचा प्रसार झाला. खरेखोटे देव जाणे! पण १७०९ मध्ये पॅरिसला हर्व्ह्यू याचे कॅनरीवरचे पुस्तक निघाले तेव्हा त्यात रंगारंगांचे कितीतरी प्रकार नोंदलेले होते. म्हणजे तोवर पिंजऱ्यात जोड्या लावण्याची विद्या चांगली रुजली होती.

ती विद्या गरिबाच्या घरी कशी चालली ते बघायचे तर जर्मनीतल्या हार्झ डोंगरात गेले पाहिजे. तिथे सांक्ट आंद्रेआसबेर्ग हे चांदीच्या खाणींचे गाव. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातून कॅनरी इकडे आले. (खाणीत विषारी वायू ओळखायला कॅनरी नेत, ती हकीकत ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींची आणि पुष्कळ नंतरची. तिची इथे गल्लत करू नका.) हार्झचा खाणकामगार पाखरू पाळी ते गाण्यासाठी नि विकण्यासाठी. मजुरी तुटपुंजी, घरातली बायकापोरेही पाखरांचे दाणापाणी बघत. गाणारे तरुण नर व्यापारी विकत घेत आणि एकोणिसाव्या शतकात ते पार न्यूयॉर्कपर्यंत जात. वसंतात एखादी मादी जखमी झाली, एखादे घरटे उधळले, तर पुढे विकायचे नर तेवढे कमी. थोडक्यात, पाखरांचे भांडण थेट घरच्या भाकरीवर येई.

आता भांडण का होते ते बघा. गाय माजावर नसेल तर ती वळूपुढे उभी राहात नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाखरांचेही तसेच आहे. दिवस मोठा होऊ लागला की नर विणीला तयार होतो, गाऊ लागतो, आपली जागा राखू लागतो. मादी अजून तयार नसली तर तो तिच्या मागे लागतो, पिसे उपटतो. रानात ती उडून जाईल. पिंजऱ्यात जाणार कुठे? उलटही घडते. मादी तयार, नर थंड, मग तीच त्याला झोडपते. मादी गरीब असते हा समज कॅनरीपुरता तरी सोडून द्यावा.

यावरचा उपाय साधा होता: पिंजऱ्याच्या मध्ये सरकती फळी. आधी फळी लाकडी. पाखरे एकमेकांना ऐकतात, पण पाहात नाहीत. मग तारेची जाळी. नर जाळीतून मादीला घास भरवू लागला, ती खाली बसून तो घेऊ लागली, चोचीत धागे धरून फिरू लागली, म्हणजे सोयरीक जुळली. मग जाळी काढायची. काढल्यावरही मारामारी झाली तर रागवायचे नाही, जाळी पुन्हा घालायची.

हार्झमध्ये पुष्कळांनी आख्खी खोलीच पाखरांना दिली. एका नरामागे तीन-चार माद्या. तिथले शहाणपण निराळे. पाखरे सगळी एकदम सोडावी. मागाहून आलेल्याला आधीची पाखरे परके समजून मारतात. घरटी माद्यांपेक्षा जास्त असावी, एकमेकांपासून दूर, नि एकाच उंचीवर. नाहीतर वरच्या घरट्यावरून रण माजते. एक फार भांडखोर नर बाहेर काढला की पुष्कळदा खोली शांत होते. मादीला दुसऱ्या विणीची घाई झाली नि धागे मिळाले नाहीत, तर ती आपल्याच पिलांची पिसे उपटून घरट्यात घालते. तेव्हा तिला कापूस, धागे द्यायचे आणि पिले जाळीपलीकडे ठेवायची; बाप जाळीतूनही भरवतो.

आपली सुगरण निराळी. तिच्यात घरटे नर विणतो, मादी येऊन पारख करते. कॅनरीत घरटे बांधते ती मादीच, आणि तिला बांधायला उठवते काय, याचा शोध अलीकडे लागला. १९५० नंतर इंग्लंडात केंब्रिजजवळ रॉबर्ट हाइंड यांनी कॅनरींवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. वाढता दिवस, नराची संगत, घरट्याचा स्पर्श, या सगळ्यांनी मादीच्या अंगातले रस बदलत जातात असे दिसले. १९७६ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड क्रूड्समा यांनी दाखवले, की ज्या माद्यांना विविध सुरावटींचे गाणे ऐकवले त्यांनी घरटे अधिक वेगाने बांधले, अंडीही जास्त घातली. गाणे नुसते ध्वनिमुद्रणातले होते, बरं का! समोर नर नव्हताच.

म्हणजे लाकडी फळीआडून गाणे ऐकत मादी जे दिवस काढी, ते फुकट जात नव्हते. ती त्याच दिवसांत तयार होत होती. खाणकामगाराला हे शास्त्र ठाऊक नव्हते. फळी लवकर काढली की पिसे उडतात, एवढे ठाऊक होते.

आंद्रेआसबेर्गची सॅमसन खाण १९१० मध्ये बंद झाली. तिच्या जागी आता संग्रहालय आहे, आणि त्यातच हार्झच्या कॅनरींचेही एक दालन आहे.